वासंतीवहिनीने जमवलेले मासे

माझ्या वहिनीने आयुष्यात किती लग्नं जमवली ते तिलाही आठवत नाही, आणि त्यातली किती धड चालली हे तिला विचारायची कुणाची छाती नाही. मला तर मुळीच नाही, कारण तिच्या हातून न सुटलेलं गणित म्हणजे मी. मी तिची धाकटी नणंद, श्यामला. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. लग्न केलं नाही, कारण वहिनीने दाखवलेल्या प्रत्येक मुलात मला काही ना काही खोट दिसली. एकाला ब्रह्मपुत्रेचा उगम माहीत नव्हता. वहिनी म्हणाली, "त्याला तिथे आंघोळीला जायचं नाहीये." तरी मी नाही म्हटलं ते म्हटलंच.

तिचं वधूवर सूचक केंद्र आमच्याच फ्लॅटच्या पुढच्या खोलीत होतं, सदाशिव पेठेत. लोक मुलामुलींचे फोटो आणि पत्रिका घेऊन यायचे. वहिनी ते कागद बाजूला ठेवायची आणि विचारायची, "घरात दिवसा कोण असतं? मुलगा रागावला की जेवतो का उपाशी बसतो? सासूबाई टीव्ही किती मोठ्याने लावतात?" ज्या बापांना मुलाचा पगार सांगायची घाई असायची ते या प्रश्नांनी गडबडून जायचे. माझा भाऊ गेला तेव्हासुद्धा तिने केंद्र फार दिवस बंद ठेवलं नाही. म्हणाली, लोकांच्या मुली माझ्या सुतकासाठी थांबायच्या नाहीत.

पुढे मोबाइल आले. मुलंमुली आपापली स्थळं अंगठ्याने सरकवत बघायला लागली, आणि आमची बेल वाजायची ती फक्त कचरेवाल्या बाईंसाठी. एका दुपारी वहिनीने स्टुलावर चढून दारावरची पाटी स्वतःच काढली, पुसली आणि कपाटामागे सरकवून दिली. त्यानंतर ती नुसती बसून राहायला लागली. माझ्याशी भांडणंसुद्धा बंद झाली. मी मुद्दाम आमटीत गूळ घातला नाही, तर मुकाट्याने जेवली. मी घाबरले ते तेव्हा.

त्याच सुमारास माझ्या भाच्याचा, श्रीधरचा, बंगळुरूहून फोन आला. वहिनीचा हा एकुलता एक मुलगा. म्हणाला, "आई, दिवाळीला येतो आणि तुला घेऊनच जातो. कायमची. तिथे आता काय राहिलंय?" मग मला म्हणाला, "आत्या, तूही चल ना." हात धुवून झालेल्या माणसाला अजून एक पोळी वाढू का विचारावं, त्या सुरात. मी माझं घर सोडून कुणाच्या दारात राहायला जाणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वहिनी म्हणाली, "बघू."

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून आम्ही एका ओट्यावर स्वयंपाक केलाय. ती नसलेलं घर मला डोळ्यांसमोर आणताच येईना. पण "जाऊ नकोस" म्हणणं माझ्या स्वभावात नाही. आई आणि मुलाच्या मध्ये मी कोण पडणार? मी आतल्या आत झुरत राहिले.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना हलवायला काढला. त्यांच्याकडे पेशंटांना धीर यावा म्हणून ठेवलेली चार फुटी काचेची पेटी होती. त्यातले मासे केव्हाच संपले होते, आणि आत कापसाची खोकी ठेवलेली असायची. डॉक्टर म्हणाले, कुणी नेली तर बरं, नाहीतर भंगारात जाईल. फुकट ते पौष्टिक या न्यायाने वहिनीने ती वर आणवली. पुढच्या खोलीत, जिथे वधूवरांचे आईबाप बसायचे, तिथेच ती मावली.

"यात काय ठेवायचं?" वहिनीने विचारलं. खूप दिवसांनी तिने काहीतरी विचारलं होतं.

मी म्हटलं, "मासे ठेव, पण जत्रा भरवू नकोस. सगळे एका नदीचे असू देत. ॲमेझॉनचे." मी जन्मभर पोरांना ॲमेझॉनचं खोरं शिकवलं, त्याच्या उपनद्या पाठ करून घेतल्या, आणि मला त्या पाण्यातलं एक शेपूटसुद्धा बघायला मिळालं नव्हतं.

वहिनीला ते लगेच पटलं. "बरोबर आहे. एका गावच्या माणसांचं लवकर जमतं. पाणी एक, खाणं एक."

नदीकाठच्या एका गल्लीत जयसिंग नावाच्या गृहस्थांचं माशांचं दुकान होतं. ते कात्रजहून रोज स्कूटरवर यायचे, आणि गिऱ्हाईक समोर असलं तरी आधी माशांना खायला घालायचे. त्यांनी आम्हाला पहिल्या दिवशी मासे दिलेच नाहीत. बारीक वाळू दिली, पाण्यात बुडून राहणारं एक वाकडंतिकडं लाकूड दिलं, आणि तलवारीसारख्या लांब पानांची ॲमेझॉनचीच रोपं दिली. म्हणाले, "काकू, रोपं मुळं धरू द्यात. फिल्टर चालू ठेवा. पाणी मुरलं की मग मासे. आपल्या नळाचं पाणी मऊ हाय, क्षार कमी, या माशांना खडकवासला मानवतो. फकस्त बादलीत रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातो."

गिऱ्हाईकाला थांबायला सांगणारा दुकानदार बघून मला आश्चर्य वाटलं. वहिनीला वाटलं नाही. ती म्हणाली, "आधी घर लावायचं, मग सून आणायची. यात नवीन काय आहे?"

रोपांनी मुळं धरली, नवी पानं फुटली, आणि आम्ही दोघी स्थळं बघायला निघालो. हा शब्द वहिनीचाच. दुकानात तिने स्टूल ओढून घेतलं, पर्स मांडीवर ठेवली, आणि मी ओळखलं की आता जयसिंगांची काही खैर नाही.

त्यांनी आधी एक दणकट, तपकिरी मासा दाखवला. "हा ऑस्कर. लई हुशार. माणूस वळखतो. तुमच्या त्या ॲमेझॉनचाच हाय."

"स्वभाव?"

"जरा तापट."

"शेजाऱ्यांशी कसा वागतो?"

जयसिंग घुटमळले. "शेजारी मोठा असंल तर काय करत नाय. बारका असंल तर खातो."

"एका गावचा असून?"

"गावचा म्हनून काय झालं, काकू?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, जणू ॲमेझॉनचं खोरं मीच बिघडवलं होतं. मग म्हणाली, "दिसायला बरा, हुशार आणि तापट. अशी स्थळं मी पोत्याने बघितली आहेत. पुढचा दाखवा."

पुढचा एंजल होता. रुपयाएवढा, रुपेरी, काळे पट्टे, पंख पसरून असा चालला होता की लग्नात शालू नेसून मिरवणारी करवलीच. वहिनी त्याच्यावर भाळली. मीही भाळले. पण तिची सवय जाईना. "वाढून केवढा होतो?"

"तळहाताएवढा."

"आणि तोंड?"

हा प्रश्न जयसिंगांना आजवर कुणी विचारला नसावा. त्यांनी काचेतून वाकून एंजलचं तोंड पाहिलं, मग शेजारच्या टाकीतल्या बोटाच्या पेराएवढ्या निऑन माशांकडे पाहिलं. "वाढला की निऑन मावंल तोंडात," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग राहू दे. मुलगा बघताना मी नेहमी त्याच्या बापाचं पोट बघायची," वहिनी म्हणाली. "पुढे काय वाढून ठेवलंय ते कळतं."

शेवटी तीन स्थळं पसंत पडली. निऑन, कारण ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. कोरी नावाचे गुटगुटीत मासे, जे तळाशी फिरून पडलेला दाणा वेचून खातात. आणि रॅम, पिवळे-निळे, बेताचे, जोडीने राहणारे. वहिनी उठली आणि म्हणाली, "प्रत्येकी दोन. एक तो, एक ती."

"काकू, निऑन जास्त घ्या. कोरी पन."

"जयसिंग, आम्ही पेठेत राहतो. माल कसा खपवतात ते आम्हाला कळतं. जोडी द्या."

त्यांनी माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी भूगोलाची बाई, मला काय कळतं? मी छताकडे बघितलं. त्यांनी मुकाट्याने प्रत्येकी दोन मासे पिशवीत घातले, आणि वहिनीने ते आयुष्यभर जसं केलं तसं, जोडीजोडीने, नव्या घरात सोडले.

रॅमचं झकास जमलं. त्यांनी एक सपाट दगड पसंत केला आणि नवराबायको तो साफ करायला लागले. पण निऑनची जोडी लाकडामागे जाऊन बसली ती बसलीच. त्यांच्या अंगावरची निळी रेघ विटली, लाल शेपट्या फिक्या पडल्या. कोरी कोपऱ्यात तोंड खुपसून होते. दाणा टाकला तरी कुणी येईना.

"नवी सून चार दिवस बुजतेच," वहिनी म्हणाली.

चार दिवसांचे चौदा झाले तरी सून काही बाहेर येईना. वहिनीने दिवा कमी केला, पंखा बंद केला, मला खोलीत चप्पल घालायची बंदी केली. झाकण तू जोरात आपटतेस, म्हणून माझ्याशी कडकडून भांडली. मी आत जाऊन देवाला हात जोडले. माझी वहिनी परत आली होती.

शेवटी ती तक्रार करायला दुकानात गेली. मागे मी होतेच. "तुमचे निऑन आजारी आहेत," तिने दारातूनच सुरुवात केली, आणि बोलता बोलता थांबली. समोरच्या मोठ्या टाकीत निऑनचा थवाच्या थवा होता. सगळे एकदम वळायचे, एकदम पुढे यायचे, काचेला नाक लावून आमच्याकडे बघायचे. रंग तर असे, की विजेच्या माळा सोडल्यासारखे. भीती नावाला नाही.

वहिनी बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ही एकत्र कुटुंबातली माणसं आहेत."

"मी आधीच बोललो व्हतो," जयसिंग म्हणाले.

"तुम्ही बोललात. मला वाटलं, खपवताय." वहिनीने इतक्या सरळ चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

घरी परतताना ती फुटपाथवर मध्येच उभी राहिली. "श्यामला, मी दोघादोघांना उचलून कुठे कुठे पाठवलं गं. मुलगा चांगला, मुलगी चांगली, की झालं. आजूबाजूला कोण आहे, हे कधी विचारलंच नाही."

"घरी दिवसा कोण असतं ते तू नेहमी विचारायचीस."

"ते सासूचा काच किती ते कळावं म्हणून. संध्याकाळी दाराशी उभं राहून बोलायला कुणी आहे का, हे नाही विचारलं."

त्या आठवड्यात तिने आपण लांब लांब दिलेल्या कितीतरी मुलींना फोन लावले. कुणी नागपूरला, कुणी थेट ऑस्ट्रेलियात. पलीकडून आधी घाबरून "काय झालं काकू?" असं यायचं आणि मग तासभर हसणं चालायचं. फोनचं बिल मी भरलं आणि एक शब्द बोलले नाही.

निऑनची चांगली पंधरा-वीस भावंडं घरी आली, कोरींचीही पलटण आली. वहिनी त्यांना पाण्यात सोडून बाजूला झाली. लाकडामागचे दोन फिके मासे आधी नुसते बघत राहिले. मग एक पुढे झाला, मग दुसरा, आणि बघता बघता ते थव्यात असे मिसळले की कुठले जुने आणि कुठले नवे ते ओळखू येईना. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या अंगावर निळी रेघ झगझगत होती. तळाशी कोरी एकमेकांना ढकलत वाळू हुंगत होते. हिरव्या पानांमधून तो थवा वळला तेव्हा वहिनीने लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या, आणि मला इतका आनंद झाला की मी शिरा केला. मला शिरा जमत नाही, तरी आम्ही दोघींनी तो संपवला.

जयसिंगांनी काचेवरचं शेवाळ खायला एक छोटा सकर मासा दिला होता, तोंडावर मिशा असलेला. वहिनीने विचारलं, "याची जोडी?"

"याला एकटंच ठेवायचं. दुसरा आला की भांडतो."

"अगदी एकटा?"

"मजेत असतो, काकू."

"माझ्या ओळखीत आहे असं एक," वहिनी म्हणाली, आणि त्याला मिशा असूनही तिने त्याचं नाव श्यामला ठेवलं.

मग आमची बेल पुन्हा वाजायला लागली. आधी बिल्डिंगमधली मुलं, मग तिने जमवलेल्या जोड्या, मग जयसिंगांची गिऱ्हाइकंसुद्धा. कुठला मासा कुणाबरोबर ठेवावा असा प्रश्न आला, की ते म्हणायचे, पेठेतल्या काकूंना विचारून या. स्पर्धापरीक्षेच्या क्लाससाठी पुण्यात आलेला एक लातूरचा मुलगा म्हणाला, "काकू, मला रूमवर ऑस्कर ठेवायचाय. छोट्या बाऊलमध्ये. सोबत थोडे निऑन. लूक भारी येईल."

"खोलीत तुम्ही किती जण?"

"तिघं."

"चौथा येऊन तुम्हाला खाणारा असेल तर ठेवून घ्याल?"

तो मुलगा नंतर दर रविवारी यायला लागला, नुसता मासे बघायला आणि वहिनीच्या हातचं थालीपीठ खायला.

हे सगळं छान चाललं होतं, पण दिवाळी जवळ येत होती. श्रीधरने दोन तिकिटं काढल्याचं कळवलं, एक त्याचं आणि एक त्याच्या आईचं. वहिनी हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. एकदा मी तिला जयसिंगांशी फोनवर बोलताना ऐकलं. ती विचारत होती, "समजा वेळ आलीच, तर हे सगळे परत घ्याल का? एकत्र ठेवाल ना?" मी स्वयंपाकघरात आले आणि निवडलेलीच मेथी पुन्हा निवडत बसले.

श्रीधर आला. फराळ झाला, ओवाळणी झाली. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो सोफ्यावर बसून म्हणाला, "आई, बॅग भरायला घे. मासे त्या दुकानदाराला देऊ."

वहिनी समोरच्या खुर्चीत बसली. पर्स मांडीवर घेतली. मी आत पोह्यांना फोडणी देत होते, पण माझे डोळे आणि कान दारातून बाहेर होते.

"तुमच्याकडे पाणी कुठलं?" तिने विचारलं.

"टँकरचं. बोअरचं असतं बहुतेक."

"म्हणजे जड. घरी दिवसा कोण असतं?"

"कुणी नाही. आम्ही नवराबायको दोघंही ऑफिसात. पण क्लबहाउस आहे, आई. ज्येष्ठ नागरिकांचा ग्रुप आहे."

"मराठी बोलणारं कुणी?"

"पाचव्या मजल्यावर एक कुटुंब आहे. ते मे महिन्यात शिफ्ट होतायत." श्रीधर एकेका उत्तरासरशी सोफ्यावर ताठ होत चालला होता. लहानपणापासून त्याने या खोलीत कितीतरी मुलगे असे ताठ होताना पाहिले होते.

"संध्याकाळी किती वाजता येता?"

"आठ. कधी नऊ."

वहिनीने पर्स बाजूला ठेवली. मग तिने तेच वाक्य उच्चारलं, जे ती जन्मभर नकार द्यायचा झाला की समोरच्याचं मन न दुखवता म्हणायची. "स्थळ उत्तम आहे. खोट काढायला जागा नाही. पण पत्रिका जुळत नाही."

श्रीधर आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला. "आई, खरं सांग. आत्याला एकटीला सोडवत नाही म्हणून राहतेस ना?"

"तिला काय धाड भरलीये? ती माझ्याशिवायही मजेत राहील. पहिल्यापासून तशीच आहे ती." वहिनीने आवाज खाली आणला. "मी नाही राहू शकणार तिच्याशिवाय. तुझे बाबा गेले तेव्हाही मी तिच्याच जोरावर उभी होते. हे तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल."

मी गॅस बंद केला. हातात उलथनं होतं ते तसंच घेऊन बाहेर आले आणि दोघांच्या मध्ये उभी राहिले. मला रडू येत होतं आणि ते लपवायचं मला सुचलं नाही.

"वहिनी, मी नाही राहू शकत मजेत," मी म्हटलं. "तू कधी विचारलंच नाहीस. राहा इथे."

असं मी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. श्रीधर उठला आणि त्याने मला खांद्याशी धरलं. वहिनी माझ्याकडे बघत राहिली, जणू इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेलं माणूस तिला आज नीट दिसलं होतं. तिने पदराने डोळे पुसले, आधी स्वतःचे आणि मग त्याच पदराने माझे.

"राहतेय," ती म्हणाली. "उद्या पाणी बदलायचंय. बादल्या तू उचल, माझी कंबर धरलीये."